टिपरभर मातीत किती चांदी? पोटोसीच्या डोंगराचा हिशोब

भाचीच्या लग्नासाठी समई घ्यायला आम्ही म्हापशाला सोनाराकडे गेलो होतो. चांदीचा भाव किलोला लाखाच्या पलीकडे गेलेला, त्यामुळे समई काट्यावर ठेवली की घरातल्या बायका आधी आकड्याकडे बघायच्या आणि मग नक्षीकडे. भाचीनं मध्येच विचारलं, "मामा, तू खाणीत होतास ना? चांदीच्या खाणीत आत काय चांदीच्या लाद्या असतात?" दुकानात अर्धंमुर्धं उत्तर दिलं. उरलेलं इथे लिहितोय, कारण प्रश्न चांगला होता आणि गोव्याच्या खाणपट्ट्यात वाढलेल्या माणसाला त्याचं उत्तर इतरांपेक्षा लवकर कळेल, असं मला मनापासून वाटतं.

मी डिचोली तालुक्यातल्या एका लोहखनिजाच्या खाणीवर बावीस वर्षं नमुने काढले. कामाची पद्धत अशी. मालाच्या ढिगातून ठिकठिकाणची घमेली भरून आणायची, सगळं पत्र्यावर ओतून त्याचा शंकू करायचा, तो वरून दाबून चपटा करायचा आणि फावड्यानं चार भाग पाडायचे. समोरासमोरचे दोन भाग टाकून द्यायचे, उरलेले दोन पुन्हा मिसळून पुन्हा शंकू. असं करत करत टनावारी मालाचा किलोभर नमुना उरतो, तो वाळवून, दळून प्रयोगशाळेत जातो. संध्याकाळी आकडा येतो: 58, 56, कधी 62. हा आकडा म्हणजे ग्रेड. शंभर किलो मालात अठ्ठावन्न किलो लोह असेल, तर तो 58 चा माल. आपल्याकडचा ट्रकवालासुद्धा "आज कुठला माल?" असं विचारतो तेव्हा त्याला हा आकडा हवा असतो.

चांदीच्या खाणीत ग्रेड टक्क्यांत मोजत नाहीत, एका टनात किती ग्रॅम अशी मोजतात. टनाला 200 ग्रॅम म्हणजे आजच्या काळात चांगला माल. आता आपला दहा टनी टिपर डोळ्यांसमोर आणा. तो काठोकाठ भरला तर आत चांदी दोन किलो, आणि तीसुद्धा दिसत नाही. शिसं, जस्त, गंधक यांच्या संयुगांत ती इतकी बारीक मिसळलेली असते की हातात घेतलेला दगड राखाडी, जड आणि साधाच दिसतो. भाचीची समई दीड किलोची होती. म्हणजे तिच्यासाठी पाऊण टिपरभर दगड फोडून त्याचं पीठ करावं लागलं असणार.

कुठल्याही खाणीचं वर्षाचं उत्पादन तीन गोष्टींच्या गुणाकारातून निघतं: किती टन माल काढला, त्याची ग्रेड किती आणि त्यातला किती धातू खरोखर हाती लागला. वर्षाला दहा लाख टन माल, टनाला 150 ग्रॅम, म्हणजे आत 150 टन चांदी. त्यातली 85 टक्के सुटली तर साडेसत्तावीस आणि शंभर, म्हणजे 127.5 टन. बाकीची चांदी गाळाबरोबर टेलिंगच्या, म्हणजे टाकाऊ गाळाच्या, तळ्यात जाते. उत्पादन वाढलं किंवा पडलं असं ऐकलं की या तिघांपैकी काय हललं ते विचारायचं. हे समजायला जगात सगळ्यात चांगलं उदाहरण पोटोसीचं आहे, कारण तिथे तिन्ही गोष्टी आळीपाळीनं हलल्या आणि त्याची नोंद राहिली.

पोटोसी आज बोलिव्हियात आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 4,000 मीटरवर, आणि त्याच्या डोक्यावर शंकूसारखा उभा लालसर डोंगर, सेरो रिको, म्हणजे श्रीमंत डोंगर. त्याचं टोक 4,800 मीटरच्या आसपास. आपल्या सत्तरीतला सगळ्यात उंच डोंगर हजार मीटरच्या थोडाच वर आहे, त्यावरून तिथल्या विरळ हवेची कल्पना करा. 1545 साली दिएगो वायपा नावाच्या तिथल्याच आदिवासी माणसाला या डोंगरावर चांदीची शीर सापडली. सांगतात की हरवलेला लामा, म्हणजे तिथला ओझं वाहणारा उंटाच्या कुळातला प्राणी, शोधत चढताना त्यानं आधाराला गवताचा झुबका धरला, तो उपटला आणि मुळाखाली चांदी दिसली. गोष्ट कदाचित रंगवलेली असेल. साल मात्र पक्कं आहे.

सुरुवातीचा माल अतिशय श्रीमंत होता, आणि त्यामागे पाऊस आणि हवा आहे. लाखो वर्षं पाणी मुरून डोंगराच्या वरच्या थरातल्या खनिजाचं रूप बदललेलं होतं, चांदी सुटी किंवा सहज सुटणाऱ्या संयुगांत होती. हे आपल्याला परकं नाही. आपल्याकडच्या लोहखनिजालाही पावसानंच श्रीमंत केलंय: दगडातली वाळू, म्हणजे सिलिका, धुऊन गेली आणि लोह मागे राहिलं. पोटोसीच्या लोकांना तो वरचा माल वितळवायला मोठे कारखाने लागले नाहीत. मातीच्या, भोकं ठेवलेल्या उभ्या भट्ट्या, त्यांना वायरा म्हणत, डोंगराच्या धारेवर मांडायच्या आणि वाऱ्यानं त्या फुलवायच्या. जळणाला गवत आणि लामाचं वाळलेलं शेण. रात्री डोंगरउतारावर अशा हजारो भट्ट्या पेटलेल्या दिसत. या काळात धंद्याची किल्ली स्थानिक लोकांच्या हातात होती, स्पॅनिश मालकांच्या नव्हे, कारण वाऱ्याची भट्टी चालवायची कला त्यांनाच येत होती. ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. पुढे काय झालं ते तिच्याशिवाय कळत नाही.

वीस वर्षांत वरचा माल संपत आला. 1560 च्या दशकाच्या अखेरीस उत्पादन घसरलं. डोंगरात चांदी भरपूर उरली होती, पण ग्रेड उतरली होती, आणि उतरलेल्या ग्रेडचा माल वायरात परवडत नव्हता. तो माल ढिगांनी बाजूला पडून राहिला, जसे आपल्याकडे डंप, म्हणजे न परवडणाऱ्या मालाचे ढीग, पडून राहिले.

मग आला पारा. मेक्सिकोत बार्तोलोमे दे मेदिना यानं 1550 च्या दशकात एक रीत बसवली होती: खनिज दळून पीठ करायचं, त्यात मीठ आणि पारा मिसळायचा, पाणी घालून चिखल तुडवायचा, आठवडेच्या आठवडे. पारा चांदीला धरून ठेवतो. मग चिखल धुतला की जड पारा-चांदीचा लगदा तळाशी राहतो, तो कापडातून पिळायचा आणि तापवायचा. पारा उडून जातो आणि मागे राहतो चांदीचा सच्छिद्र गड्डा. गोव्यातल्या जुन्या सोनारांनी पाऱ्याचा मुलामा पाहिलेला आहे, त्यांना हे लगेच कळेल. 1572 मध्ये पेरूचा व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो पोटोसीला आला आणि त्यानं ही रीत इथे लागू केली. पारा लागणार होता तो पेरूतल्याच वांकावेलिका इथल्या खाणीतून, ती दहा वर्षांपूर्वीच हाती आली होती.

पण पाऱ्यासाठी खनिज पिठासारखं बारीक हवं, आणि एवढं दळायला शक्ती हवी. ती पाण्यातून आली. शहराच्या वरच्या कारी-कारी डोंगररांगेत एकामागून एक तलाव बांधले, तिथून कालवा काढला आणि कालव्याकाठी पाणचक्क्यांची रांग उभी राहिली. आपल्याकडे पाऊस लागला की खाणी बंद, खंदकात पाणी भरतं. पोटोसीत उलट: चार महिन्यांच्या पावसात जेवढं पाणी तलावात साठेल तेवढे महिने चक्क्या फिरणार. दुष्काळ पडला की चांदी कमी.

आणि माणसं. तोलेदोनं मिता नावाची सक्तीची पाळी बसवली. सोळा प्रांतांतल्या गावांनी दरवर्षी प्रौढ पुरुषांपैकी साधारण सातवा हिस्सा पोटोसीला पाठवायचा, एकूण सुमारे 13,500 माणसं. त्यांतली एक तृतीयांश एका वेळी कामावर, एक आठवडा काम आणि दोन आठवडे सुटी, असं कागदावर. काही गावं शेकडो मैल लांब. बायकामुलं, लामांचे कळप, वर्षभराचं धान्य घेऊन कुटुंबंच्या कुटुंबं निघत, आणि बरीचशी परत येत नसत.

आपल्या खाणी उघड्या. डोंगर वरून कापायचा, पायऱ्या पाडायच्या, टिपर थेट मालापर्यंत जातो. पोटोसीत शिरा अरुंद आणि उभ्या, म्हणून आत बोगदे आणि विहिरी. त्या काळी आत गेलेल्यांनी लिहून ठेवलंय ते वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. कातड्याच्या पिळाचे शिड्यांसारखे दोर, त्यात लाकडी दांडे. एका बाजूनं चढणारे, दुसऱ्या बाजूनं उतरणारे. माल घोंगडीत बांधून पाठीवर, घोंगडीची गाठ छातीवर, दोन्ही हात दोराला. मग उजेड कशात धरायचा? पुढचा माणूस मेणबत्ती अंगठ्याला बांधायचा. खालच्या उष्ण, दमट बोगद्यातून घामेजलेला माणूस वर तोंडाशी आला की बाहेर चार हजार मीटरवरचा गारठा.

सरळ उत्पादनाकडे बघितलं तर तोलेदोच्या व्यवस्थेनं चमत्कार केला. टाकून दिलेले ढीग माल झाले, पंधरा-वीस वर्षांत उत्पादन कित्येक पट वाढलं आणि 1592 च्या सुमारास वर्षाला जवळजवळ 200 टन चांदी नोंदली गेली. डोंगराच्या पायथ्याशी उभं राहिलेलं शहर 1611 च्या सुमारास दीड लाखाच्या वर गेलं. त्या काळचं ते जगातल्या मोठ्या शहरांपैकी एक होतं.

आणि त्याच वेळी आपण कुठे होतो? 1580 ते 1640 स्पेन आणि पोर्तुगाल एकाच राजाच्या हाताखाली होते. अमेरिकेतली चांदी रियाल नाण्यांच्या रूपात सेव्हिलला, तिथून लिस्बनला आणि लिस्बनहून मिऱ्यांच्या खरेदीसाठी गोव्याला येत होती. इथे त्या नाण्यांना पाताका म्हणत. भारतात लागणारी चांदी तेव्हाही मुख्यतः समुद्रमार्गेच यायची. जुन्या गोव्यात बाँ जेझूच्या चर्चमध्ये संत फ्रान्सिस झेवियरची चांदीची पेटी आहे ना, ती 1636-37 मधली, इथल्याच कारागिरांच्या हातची. आमच्या देवळांतल्या पालख्या आणि गाभाऱ्याचे रुपेरी दरवाजे घडवणारी हीच कला. कोकणीत आपण चांदीला अजून रुपें म्हणतो.

1592 नंतरचा उतार लांब आणि हळू आहे. एक कारण पुन्हा ग्रेडच. वरचा लालसर, हवा लागलेला माल संपला आणि खाली काळा गंधकी माल लागला. त्याला पारा नीट धरत नाही, आधी तो भाजावा लागतो, जळण वाढतं आणि तरी चांदी निसटते. म्हणजे ग्रेड पडली आणि हाती लागणारा हिस्साही पडला. दुसरं, खाण भूजलाच्या खाली गेली. पाणी काढायला डोंगराच्या पायथ्याकडून आडवे बोगदे खणत आणावे लागले, एकेकाला वर्षानुवर्षं. खाण पाण्याखाली गेली की काय होतं ते आम्हाला माहीत आहे. आपल्याकडे पंप रात्रंदिवस चालत आणि शेजारच्या वाड्यावर विहिरीचा तळ दिसायला लागे.

त्यात मार्च 1626 मध्ये कारी-कारीतला सान इल्देफोन्सो तलाव फुटला. पाणी शहरात शिरलं, कालव्याकाठच्या चक्क्या वाहून गेल्या, माणसं फार मेली. 1640 च्या दशकात टांकसाळीत नाण्यांतली चांदी चोरली जात असल्याचं प्रकरण उघडकीला आलं आणि पोटोसीच्या नाण्यावरचा व्यापाऱ्यांचा विश्वास उडाला.

मिताही आतून पोखरली गेली. गावं ओस पडत चालली, लोक पळून दुसऱ्या मुलखात जायचे, कारण तिथे पाळी लागत नव्हती. ठरलेली माणसं देता आली नाहीत की गावानं तेवढे पैसे द्यायचे. काही खाणमालकांना हेच बरं वाटू लागलं. दगड फोडायची कटकट नको, गावाकडून पैसे घ्या आणि खिशात टाका. अशा न आलेल्या माणसांना स्पॅनिशमध्ये "खिशातले इंडियन" म्हणत. खाण कागदावर चालू, मालकाला उत्पन्न चालू, आणि चांदी मात्र कमी. तळ गाठला तो अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. निघालेल्या चांदीचा पाचवा हिस्सा राजा कर म्हणून घेत असे, 1736 मध्ये तो कमी करून दहावा केला, आणि पुढच्या पन्नासेक वर्षांत उत्पादन जवळपास दुप्पट झालं. त्या वाढीत कराची सूट होतीच, पण मितावर आलेल्या माणसांकडून पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त काम काढून घेणंही होतं. 1812 मध्ये मिता कायद्यानं बंद झाली, 1825 मध्ये बोलिव्हिया स्वतंत्र झाला.

इथे एका गोष्टीवर थांबायला हवं. हे टनांचे आकडे आपल्याकडे आले कसे? खाणीवर कुणी वजनकाटा लावून बसलं नव्हतं. आकडे आहेत ते राजाच्या करवहीतले: पाचवा हिस्सा किती जमा झाला, त्याला पाचानं गुणा. ज्या चांदीवर कर भरलाच नाही, जी रात्री खेचरांवरून दुसऱ्या बंदराकडे गेली, ती या आकड्यात नाही. राजालाही हे ठाऊक होतं. म्हणून त्याच्या अधिकाऱ्यांनी शोधलेली युक्ती मला नमुने काढणारा म्हणून फार आवडते: पाऱ्याची विक्री राजाच्या मक्त्यात होती, आणि एवढा पारा नेला म्हणजे एवढी चांदी निघायलाच हवी, असा ताळा लावता येत होता. पारा जास्त आणि चांदी कमी, तर चांदी कुठे गेली?

आपल्याला हा ताळा परका नाही. रॉयल्टी भरलेला माल, वाहतुकीच्या पासांवरचा माल आणि बंदरातून जहाजात चढलेला माल, या तीन वह्या जुळतात का, हाच तर बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या 2012 च्या अहवालानंतर सगळ्या गोव्यात चर्चेचा विषय होता. त्याच वर्षी सप्टेंबरात खाणी थांबल्या, नंतर थोड्या चालू झाल्या आणि 2018 च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. आमच्या घरासमोर मेव्हण्याचा टिपर ताडपत्रीखाली किती पावसाळे उभा होता ते मी मोजलंय. खाणीचं उत्पादन शून्यावर आलं असं कागदावर एका ओळीत लिहिता येतं. गावात त्या ओळीला घरं असतात.

पोटोसीतही ते झालं. विसाव्या शतकात तिथली मुख्य कमाई चांदीची नव्हती, त्याच डोंगरातल्या कथलाची होती. 1952 मध्ये मोठ्या खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं. 1985 मध्ये कथलाचा जागतिक भाव कोसळला, सरकारी खाणी बंद पडल्या आणि हजारो कामगार सुटले. त्यांनी सहकारी संस्था करून पुन्हा त्याच बोगद्यांत काम सुरू केलं, आता जस्त, शिसं आणि चांदी असा मिश्र माल काढतात. आत प्रत्येक मोठ्या बोगद्यात एल तिओची शिंगांची मूर्ती असते, तो खाणीचा धनी. कामाला लागण्याआधी त्याला सिगारेट, कोकाची पानं आणि दारू ठेवतात. राखणदाराला विडी आणि सुरो ठेवणाऱ्या गोमंतकीयाला हे कुणी समजावून सांगायला नको.

आजची चांदी मात्र बहुतेक अशा डोंगरातून येत नाही. जगात वर्षाला सुमारे 25 हजार टन चांदी खाणींतून निघते, मेक्सिको पहिला. आणि तिचा मोठा भाग, साधारण सत्तर टक्के, जोडीचा माल म्हणून येतो: खाण जस्त-शिशाची, तांब्याची किंवा सोन्याची, आणि चांदी सोबत. भारतातली बहुतेक सगळी खाणीतली चांदी राजस्थानात हिंदुस्तान झिंकच्या जस्त-शिशाच्या खाणींतून येते, त्यात राजसमंद जिल्ह्यातली सिंदेसर खुर्दची भूमिगत खाण चांदीच्या बाबतीत सगळ्यात मोठी. या कंपनीनं 2023-24 मध्ये 746 टन चांदी काढली, म्हणजे पोटोसीच्या सर्वोत्तम वर्षाच्या साडेतीनपटीहून जास्त. यामुळे एक गोष्ट होते. चांदीचा भाव चढला म्हणून उद्या चांदी जास्त निघत नाही, कारण किती दगड फोडायचा हे जस्ताच्या हिशोबावर ठरतं. सोनाराच्या काट्यावरचा आकडा लवकर खाली येत नाही, त्यामागे हेही एक कारण आहे.

आणि आता पोटोसीच्या हिशोबातला मला सगळ्यात विलक्षण वाटलेला भाग. डोंगराच्या उतारावर शतकानुशतकं घसरून आलेली खडी पडलेली होती. टनाला शंभरेक ग्रॅमचा माल. वायराच्या काळात कुणी तिच्याकडे बघितलंही नसतं. 2008 पासून एका खाण कंपनीनं ही खडी यंत्रांनी उचलून, दळून, सायनाइडच्या द्रावणात चांदी विरघळवून काढायला सुरुवात केली, आणि पुढे काही वर्षं वर्षाला 200 टनांच्या आसपास चांदी मिळवली. 1592 इतकी. तेव्हा हजारो माणसं मेणबत्ती बांधून आत उतरत होती. आता बोगदा न खणता, वरची खडी गोळा करून. आपल्याकडेही चीनची मागणी आली तेव्हा वर्षानुवर्षं पडलेले कमी ग्रेडचे डंप बार्जमध्ये भरून मांडवीतून मुरगावला गेलेच होते. डोंगरात माल किती आहे हे दगड एकटा ठरवत नाही, भाव आणि रीतही ठरवतात.

या सगळ्याचा भार सेरो रिको आता सोसत नाही. पोटोसी 1987 पासून जागतिक वारसा स्थळ आहे, आणि 2014 मध्ये ते धोक्यातल्या वारशाच्या यादीत गेलं, कारण आतून पोखरलेलं शिखर खचतंय. 4,400 मीटरच्या वर खोदायला मनाई आहे, तरी वर काम होत राहतं. सहकारी संस्थेतला खाणकामगार पगारावर नसतो. तो आपला माल पोत्यांत भरून खाली खरेदीदाराकडे नेतो, तिथे त्यातून नमुना काढतात, दळतात, तपासतात, आणि टनाला किती ग्रॅम तो आकडा आला की त्या आठवड्याचा बाजार किती करायचा ते त्याच्या घरात ठरतं.